काटा रिकामा, तरी आकडा कसा? समजून घ्या 'इनपुट ऑफसेट व्होल्टेज'

मिरचीचं पोतं काट्यावर चढायच्या आधीच आकडा दिसला की शेतकरी आणि व्यापाऱ्यात खटका उडतो. दरवेळी ती लबाडीच असते असं नाही. दोष काट्याच्या पोटातल्या ॲम्प्लिफायरचाही असू शकतो.

म्हणजे नेमकं काय?

इलेक्ट्रॉनिक काट्याखाली लोडसेल असतो. १०० किलोच्या लोडसेलला ५ व्होल्ट दिले आणि त्याचं रेटिंग २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट असेल, तर पूर्ण वजनाला मिळतात फक्त १० मिलिव्होल्ट. म्हणजे किलोमागे ०.१ मिलिव्होल्ट. हा बारीक सिग्नल डिफरन्शियल ॲम्प्लिफायर वाढवतो. दोन तारांमधला फरक तेवढा मोठा करायचा, हे त्याचं काम. फरक शून्य तर आउटपुट शून्य, हा झाला कागदावरचा हिशेब.

प्रत्यक्षात इनपुटवरची ट्रान्झिस्टरची जोडी जुळ्या भावांसारखी दिसली तरी तंतोतंत सारखी नसते. दोघांच्या आकारात १ टक्का फरक असला तरी सुमारे ०.२६ मिलिव्होल्टची तफावत पडते. आउटपुट शून्यावर आणायला इनपुटला जेवढं व्होल्टेज द्यावं लागतं, तेच इनपुट ऑफसेट व्होल्टेज.

किलोचा हिशेब

स्वस्तातल्या एलएम३५८ आयसीत ऑफसेट साधारण २ ते ३ मिलिव्होल्ट असतो. वरच्या काट्यात २ मिलिव्होल्ट म्हणजे तब्बल २० किलो! हा आकडा स्थिर असेल तर 'झिरो' बटण दाबून वजा होतो. खरी अडचण उन्हाची. याच आयसीत ऑफसेट अंशामागे साधारण ७ मायक्रोव्होल्टने सरकतो. सकाळी झिरो केलेला काटा दुपारी १५ अंशांनी तापला, तर जवळपास १ किलोची चूक होते. ओपी०७ सारख्या अचूक आयसीत अंशामागे ०.५ मायक्रोव्होल्ट धरला, तर चूक ७५ ग्रॅमवर येते. लोडसेलचा स्वतःचा फरक वेगळाच.

उपाय काय?

डिझाइनमध्ये दोन्ही ट्रान्झिस्टर चिपवर शेजारी-शेजारी, सारख्या तापमानात ठेवतात. ओपी०७ सारख्या आयसीत कारखान्यातच ट्रिमिंग होतं. चॉपर ॲम्प्लिफायर तर स्वतःचा ऑफसेट सतत काढून टाकतो.

गिऱ्हाइकाने मात्र एवढं करावं: माल चढवण्याआधी आकडा शून्य आहे का बघावं, नसेल तर झिरो करायला सांगावं आणि पडताळणीचा शिक्का तपासावा. २००९ चा वैधमापन कायदा केंद्राचा आहे. सीमेच्या अलीकडे काय, पलीकडे काय, नियम तोच.