रंगमंचावरील नाटक आणि मंडपातील वाद

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण नाटककारांची, नटांची व गायकांची नावे आदराने घेतो. परंतु रात्रभर नाटक पाहून सकाळी त्यावर हिरिरीने वाद घालणाऱ्या प्रेक्षकाची नोंद कोठेच होत नाही. वस्तुतः ही रंगभूमी वाढली ती बऱ्याच अंशी त्याच्याच बळावर.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे समाजातील प्रश्न नाटकात शिरले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून टिळकांचा ‘केसरी’ आणि आगरकरांचा ‘सुधारक’ यांच्यात खडाजंगी झाली. त्या वादाची धग पुरती निवली नसतानाच, १८९९ साली, गोविंद बल्लाळ देवलांची ‘शारदा’ आली आणि जरठ-कुमारी विवाहाची चर्चा घरोघरच्या माजघरात पोहोचली.

वाद केवळ विषयाचा नव्हता, कलेचाही होता. नाटकात पदे किती असावीत, ‘वन्समोअर’ घेऊन कथानक थांबवावे काय, संगीत श्रेष्ठ की गद्य, यांवर पक्ष पडत. संगीत मंडळ्यांच्या भरभराटीतही शाहूनगरवासी व महाराष्ट्र नाटक मंडळी या संस्थांनी गद्य नाटकांचा आग्रह सोडला नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे तर नाटककार म्हणून प्रसिद्ध होण्यापूर्वी ‘विविधज्ञानविस्तारा’त नाटकाचे कठोर परीक्षण करीत होते. परीक्षकाने लेखणी परजली म्हणून कोणी त्याला वैरी मानले नाही.

हा वाद राज्यकर्त्यांना मात्र रुचणारा नव्हता. १८७६ सालीच कायदा करून प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार ब्रिटिश सरकारने घेतला होता. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तील कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. आपल्या गोमंतकात याच वर्षी पोर्तुगालमधील प्रजासत्ताकामुळे लेखन-भाषणाला मोकळीक मिळाली होती. पण १९२६ च्या सत्तापालटानंतर सेन्सॉरचा अंमल सुरू झाला. लग्नपत्रिकासुद्धा त्याच्या नजरेखालून जात. अशा काळातही देवस्थानांच्या उत्सवांत नाटके होत राहिली. दिवसा व्यापार किंवा शेती सांभाळणारे गावकरी रात्री ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’ उभे करीत. छापील शब्दाला बंदी होती. मंडपात आणि अग्रशाळेच्या पायरीवर चालणाऱ्या बोलण्याला बंदी घालणे कोणाला साधले नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न वेगळा झाला. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’चा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. नाना फडणविसांच्या चित्रणावरून गदारोळ उठला आणि १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबविले. १९७४ साली थिएटर ॲकॅडमीने ते पुन्हा आणले. १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. तेंडुलकरांची नाटके सर्वांना मान्य व्हावीत असे नाही. त्यांवर झालेल्या टीकेतही विचार होता. परंतु येथे परकीय सरकार नव्हते. आपलाच समाज वादाला उत्तर देण्याऐवजी प्रयोगच थांबवा असे म्हणू लागला होता.

आज तो गदारोळही क्वचितच ऐकू येतो. वर्तमानपत्रांतील नाट्यपरीक्षणाची जागा आक्रसली आहे. कोणाच्या भावना दुखावतील या धास्तीने लेखक हात आखडता घेतो. संबंध बिघडतील म्हणून जाणता प्रेक्षक ‘छान झाले’ एवढेच बोलून घरी जातो. सरकारी बंदी उठविता तरी येते. आपणच पत्करलेले मौन उठविण्यास कोणाकडे अर्ज करावा?

महाजन बंधुभगिनींच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. देवस्थानाच्या सर्वसाधारण सभेत जमाखर्चावर आपण तासन्‌तास वाद घालतो, आणि तरीही पालखीला एकत्र खांदा देतो. तोच रिवाज नाटकाच्या बाबतीत का नसावा? उत्सवातील प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी तासभर कलाकार व प्रेक्षक यांनी अग्रशाळेत एकत्र बसावे. पद कोठे लांबले, संवाद कोठे पडले, नाटककाराचे म्हणणे पटले की नाही, हे तरुणांनी वडीलधाऱ्यांसमोर निर्भयपणे सांगावे आणि वडीलधाऱ्यांनी ते ऐकून घ्यावे. पुढील वर्षी नाटकाची निवड करताना त्या तासाचा उपयोग झाल्याखेरीज राहणार नाही.