राजाचे पत्र आणि विकला गेलेला माणूस

क्रमिक पुस्तकांत आक्रमण, व्यापार आणि राजनीती ही तीन वेगवेगळी प्रकरणे असतात. पहिल्यात सेनापती, दुसऱ्यात जहाजे नि माल, तिसऱ्यात तहनामे. परीक्षेच्या सोयीसाठी मलाही ती तशीच शिकवावी लागतात. पण ज्याच्या पाठीवरून ही तिन्ही प्रकरणे जातात, त्याला ती कधीच वेगळी भासलेली नाहीत. आफ्रिकेतील बाकोंगो लोकांचा इतिहास वाचताना हे मला फार तीव्रतेने जाणवते.

आपल्या चळवळीच्या भाषणांत आफ्रिका वारंवार येते. 1972 साली 'दलित पँथर' हे नाव आपण अमेरिकेतील काळ्या बंडखोरांच्या संघटनेवरून घेतले. त्या बंडखोरांचे पूर्वज ज्या व्यापारात विकले गेले, त्यात अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे कोंगो-अंगोलाच्या किनाऱ्यावरून गेली. बहुतेक ब्राझीलला गेली, काही उत्तर अमेरिकेतही पोहोचली. बंधुत्वाची भाषा करायची तर या माणसांना विकले कोणी, कसे आणि कोणत्या कायद्याने, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

1483 च्या सुमारास पोर्तुगीज जहाजे कोंगो नदीच्या मुखाशी आली, तेव्हा तिथे रानटी टोळ्या नव्हत्या. एक सुसंघटित राज्य होते. म्बान्झा कोंगो ही राजधानी, प्रांतोप्रांती अधिकारी, शंखांचे चलन. ते शंख लुआंडाच्या बेटावरून येत आणि त्यांवर राजाची मालकी असे. 1491 मध्ये राजाने बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याचा मुलगा आफोन्सो 1509 ते 1542 च्या आसपासपर्यंत गादीवर होता. तो पोर्तुगीज लिहीत-वाचत असे आणि लिस्बनच्या राजाशी 'बंधू' या नात्याने पत्रव्यवहार करीत असे.

1526 ची त्याची पत्रे प्रसिद्ध आहेत. व्यापारी आमची माणसे रोज पळवून नेतात, सरदारांची मुले आणि आमचे नातलगही सोडत नाहीत, देश ओस पडत चालला आहे, अशी त्याची तक्रार आहे. वसाहतवादाविरुद्धचा आफ्रिकेचा पहिला उद्गार म्हणून ही पत्रे गौरविली जातात. तो गौरव मला नाकारायचा नाही. पण त्याच वर्षी आफोन्सोने काय केले, तेही पाहिले पाहिजे. त्याने तीन अधिकाऱ्यांची एक चौकशी समिती नेमली. विक्रीला आणलेला माणूस रीतसर गुलाम आहे की पळवून आणलेला स्वतंत्र माणूस आहे, हे तिने ठरवायचे होते. म्हणजे रीतसर गुलामाच्या विक्रीला राजाची हरकत नव्हती! युद्धात धरलेला, परमुलखातून आणलेला माणूस खुशाल विकावा. आमच्या कुळातला तेवढा विकू नये.

इथे मी थबकतो. हे पत्र राजाने राजाला लिहिलेले आहे. ज्याला समितीने 'रीतसर' ठरविले, त्या माणसाचे पत्र कुठल्याच दप्तरात नाही. आपल्याकडच्या काही अभ्यासकांना गोऱ्यांच्या आधीची आफ्रिका म्हणजे समतेचे नंदनवन वाटते. सुवर्णयुगाच्या गोष्टी आपण इथेही पुष्कळ ऐकल्या आहेत. त्या सुवर्णयुगात आपण कुठे होतो, हे आपण विचारतो ना? मग तोच प्रश्न कोंगोतही विचारायला हवा. अर्थात गोऱ्या व्यापाऱ्यांचा गुन्हा त्याने तसूभरही कमी होत नाही. गुलामी तिथे आधीपासून होती. पण साओ टोमे बेटावरील आणि नंतर ब्राझीलमधील उसाच्या मळ्यांनी तिला अथांग पोट दिले.

व्यापारामागून आक्रमण आले. 1575 मध्ये पोर्तुगिजांनी लुआंडात ठाणे वसवले. कोंगोच्या राजांनी राजनीतीत कसूर केली नाही. त्यांनी पोपकडे वकील पाठवला; तो 1608 मध्ये रोमला पोहोचला आणि काही दिवसांतच मरण पावला. पुढे त्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध डचांशी हातमिळवणी केली आणि 1641 ते 1648 लुआंडा डचांकडे होते. परंतु 1665 मध्ये म्ब्विलाच्या लढाईत राजा आंतोनियो मारला गेला. त्यानंतर गादीसाठी जी भाऊबंदकी माजली, तिच्यातील कैदी किनाऱ्यावर विकले जात राहिले. आता माल पुरवायला बाहेरच्या शत्रूची गरजच उरली नाही.

त्या धुमाकुळात किम्पा व्हिटा नावाची एक तरुण स्त्री उभी राहिली. येशू कोंगोतच जन्मला, असे ती सांगे. लढाया थांबवा, ओस पडलेल्या राजधानीत परत या, असे ती सांगे. हजारो सामान्य माणसे तिच्यामागे गेली. 1706 मध्ये तिला पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले. मिशनरी आणि राजा यांचे त्या बाबतीत एकमत झाले.

1884-85 च्या बर्लिन परिषदेत चौदा राष्ट्रे बसली होती, आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. टेबलावर नकाशा पसरून तिथेच आफ्रिकेचे तुकडे केले, असे सांगतात. ते तितकेसे बरोबर नाही. परिषदेच्या मसुद्यात मुक्त व्यापार, नद्यांवरील नौकानयन, प्रत्यक्ष ताबा अशी कलमे आहेत. बाकोंगोंची वाटणी झाली ती परिषद चालू असताना बाजूला झालेल्या तहांनी. फेब्रुवारी 1885 मध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या संस्थेने आधी फ्रान्सशी आणि मग पोर्तुगालशी सीमा ठरवून घेतल्या, नि एका भाषेचे लोक तीन राजवटींत विभागले गेले.

त्याआधी स्टॅन्लेच्या माणसांनी ठिकठिकाणच्या नायकांकडून करार करून घेतले होते. 1884 च्या एका करारात न्गोंबी आणि माफेलाचे नायक महिन्याला एकेक कापडाच्या बदल्यात आपल्या मुलखाचे सार्वभौमत्व कायमचे देऊन टाकतात. त्यातच आणखी एक कलम आहे: संस्थेच्या कोणत्याही कामाला श्रमाने साहाय्य करावे. कापड नायकाला, श्रम कोणाचे? धबधब्यांमुळे मातादीच्या पुढे बोटी जात नसत. 1898 मध्ये रेल्वे पुरी होईपर्यंत सारा माल माणसांच्या डोक्यावरून गेला. आपल्या भाषेत याला वेठ म्हणतात.

1921 मध्ये बेल्जियन कोंगोत सिमोन किम्बांगू लोकांना प्रवचने देऊ लागला. सरकारने त्याला फाशीची शिक्षा फर्मावली, मग ती जन्मठेपेवर आणली. तीस वर्षे तुरुंगात काढून 1951 मध्ये तो तिथेच मेला. 1960 मध्ये दोन्ही कोंगो स्वतंत्र झाले, 1975 मध्ये अंगोला. कासावुबू हा बाकोंगो पुढारी पूर्वीच्या बेल्जियन कोंगोचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. 1964 मध्ये कैरो येथे आफ्रिकी राष्ट्रांनी वसाहतकाळातील सीमा तशाच पाळण्याचा ठराव केला. त्याची व्यवहार्यता मला कळते; सीमा उकरून काढल्या असत्या तर रक्ताचे पाट वाहिले असते. तेव्हा बाकोंगो आजही तीन देशांत आहेत. दोन देशांत त्यांची मुले शाळेत फ्रेंच शिकतात आणि तिसऱ्यात पोर्तुगीज.

आणि आफोन्सोच्या समितीने केलेला तो भेद? बाकोंगोंत जमीन मातृकुळाची असते. गुलाम म्हणून आणलेल्याचे कूळ मागे राहिलेले, त्यामुळे त्याच्या वंशजाला जमिनीवर स्वतःचा हक्क नाही. गुलामी कायद्याने संपली होती. तरीही विसाव्या शतकात तिथल्या गावांत जमिनीचे तंटे उभे राहत, तेव्हा प्रतिपक्षाला गप्प करण्यासाठी एकच बाण काढला जाई: तुमची आजी विकत आणलेली होती.