निर्मळ पाण्याचा घात

लोखंडास गंज चढतो तो खाऱ्या किंवा मळक्या पाण्यानें, असा सर्वसाधारण समज आहे. अणुशक्तीच्या वीजगृहांचा इतिहास निराळेंच सांगतो, याचें श्रोत्यांस नवल वाटेल. तेथें वाफेकरितां घेतलेलें पाणी क्षार व प्राणवायु काढून अगदीं निर्मळ करितात. साध्या पोलादावर काळ्या लोहभस्माचा पातळ थर धरतो; तेंच त्याचें चिलखत. परंतु हें निर्मळ, ऊन पाणी वेगानें वाहूं लागलें म्हणजे तो थर विरघळत जातो व नळ आंतून झिजतो. सेंटिग्रेड १५० अंशांच्या आसपास ही झीज विशेष होते.

९ डिसेंबर १९८६ रोजीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत, सरी येथें असा नळ फुटला. ८ कामगार भाजले. त्यांपैकीं ४ दगावले. तेव्हांपासून या झिजेकडे जगाचें लक्ष वेधलें. पाण्यांत अमोनियासारखें द्रव्य घालून त्याचा अल्कधर्म वाढवावा, पोलादांत थोडें क्रोमियम असावें, आणि नळांची जाडी वेळोवेळीं मोजावी, हे त्यावरील उपाय होत.

तरीही ९ ऑगस्ट २००४ रोजीं जपानांतील मिहामा येथें तोच प्रकार घडून ५ जण मृत्युमुखीं पडले. १० मिलिमीटर जाडीचा नळ २ मिलिमीटरांहूनही पातळ झाला होता. १९७६ सालीं यंत्र सुरू झाल्यापासून ती जागा एकदांही मोजली गेली नव्हती; तपासणीच्या यादींतून ती सुटलीच होती.

दोन्ही ठिकाणीं अणुभट्टी शाबूत राहिली. रसायनानें झीज मंदावते, परंतु ती किती झाली हें मोजल्यावांचून कळत नाहीं, हाच या दोन अपघातांचा धडा.