पट आणि हजेरी

कोणत्याही खेड्यांतील प्राथमिक शाळेंत पाऊल टाकलें कीं फळ्याच्या एका कोपऱ्यांत दोन आंकडे लिहिलेले आढळतात. एक पटाचा, दुसरा हजेरीचा. पट म्हणजे शाळेनें ज्यांना आपलें म्हटलें तीं मुलें. हजेरी म्हणजे त्या दिवशीं जीं खरोखर येऊन बसलीं तीं. पाहुण्यास हे आंकडे किरकोळ वाटतात. परंतु त्यांच्यांतील वजाबाकी ही आपल्या प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासांतील सर्वांत अवघड वजाबाकी होय.

मराठवाड्यांतील हिंगोली जिल्ह्यांत ही वजाबाकी हंगामाप्रमाणें बदलते. सोयाबीनची काढणी आली कीं वर्गांतील कांहीं जागा रिकाम्या होतात. कापूस वेचणीस आला कीं मोठ्या मुली दिसेनाशा होतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या म्हणजे घराला कुलूप आणि पटावर नांव अशी स्थिति होते. पुढें हळद काढण्याचे व शिजविण्याचे दिवस येतात. हजेरीपट नीट वाचला तर त्यांत गांवच्या कष्टांचें सारें पंचांग सांपडतें.

जुन्या पंतोजींच्या शाळेंत छापील हजेरीपट नव्हता. पण प्रश्न होताच. १८२३ सालीं बल्लारीचा कलेक्टर कॅम्बेल यानें तेथील देशी शाळांची हकीकत सरकारास लिहून पाठविली, तींत एक मौजेची रीत नमूद आहे. सकाळीं जो मुलगा सर्वांच्या आधीं येईल त्याच्या तळहातावर सरस्वतीचें नांव लिहावयाचें. दुसऱ्याच्या हातावर पूज्य काढावयाचें, म्हणजे स्तुतीहि नाहीं व निंदाहि नाहीं. तिसऱ्यास छडीचा हलकासा प्रसाद, चौथ्यास दोन छड्या, आणि पुढें प्रत्येकास एकेक वाढती. महाराष्ट्रांतील पंतोजी दडी मारणाऱ्या पोराकडे चार दांडगे विद्यार्थी पाठवीत आणि त्याची उचलबांगडी करून त्याला शाळेंत आणवीत. ह्या कडकपणाला व्यवहाराचीहि बाजू होती. पंतोजीचा संसार पालकांनीं दिलेल्या धान्यावर व पैशांवर चाले. मूल तुटलें कीं शिधा तुटला. मात्र ह्या शाळांत मुली, अस्पृश्य मानलेल्यांचीं मुलें आणि बहुतेक कष्टकऱ्यांचीं पोरें नव्हतींच. ज्यांचें नांवच कोठें लिहिलेलें नाहीं, त्यांची गैरहजेरी कोण मांडणार?

हीं नांवें लिहिलीं जावींत म्हणून पुढें सक्तीची चळवळ उभी राहिली. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत, निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं आपल्या राज्यांतील अमरेली भागांत तो प्रयोग केला आणि १९०६ सालीं तो सर्व राज्यास लागू केला. नामदार गोखले यांनीं मार्च १९११ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळापुढें आपलें बिल मांडलें. तें पुढील वर्षीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. पण त्या बिलांत एक मोठी समंजस गोष्ट होती. आजार व घरची अडचण यांच्याबरोबर शेतीच्या हंगामाची निकड हेंहि गैरहजेरीचें रास्त कारण म्हणून गोखल्यांनीं मानलें होतें. सक्ती मागणाऱ्या पुरुषालाच सक्तीची मर्यादा अगोदर दिसली होती. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला.

मुलें शाळेंत आलीं तरी टिकत नव्हतीं. १९२९ च्या हार्टॉग समितीनें दाखवून दिलें कीं, १९२२-२३ सालीं पहिल्या इयत्तेंत असलेल्या दर १०० मुलांमागें तीन वर्षांनंतर चौथ्या इयत्तेंत अवघीं १८ उरलीं होतीं. ‘गळती’ हा शब्द शिक्षणखात्याच्या कागदोपत्रीं तेव्हांपासून कायमचा येऊन बसला.

हिंगोली त्या काळीं निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होती. तेथें राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या कुणब्यानें मुलाला शाळेंत धाडून कोणता लाभ पाहावयाचा? १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें. १९५२ सालीं हैदराबाद राज्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९५६ च्या नोव्हेंबरांत मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. १९६२ सालीं शाळा जिल्हा परिषदांच्या हातीं आल्या, आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. गांवोगांव शाळा निघाल्या, पट फुगला. हजेरी मात्र पटाच्या मागें धांपा टाकीत राहिली.

याचें कारण उघड आहे. रोजच्या मजुरीवर ज्याची चूल पेटते, त्यास दंड करून त्याचें मूल शाळेंत येत नाहीं. उलट दंड भरण्यासाठीं तें आणखी चार दिवस मजुरीस जातें. म्हणून दंडाची जागा हळूहळू उत्तेजनानें घेतली. १९९२ पासून महाराष्ट्रांत दुर्बल घटकांतील मुलींना हजेरीच्या दर दिवसास १ रुपया भत्ता मिळूं लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालेल्या योजनेंत मुलास दरमहा ३ किलो धान्य देण्याचें ठरलें, पण त्यास ८० टक्के हजेरीची अट होती. ज्याला उपासमारीमुळें मजुरीवर जावें लागे, त्याचेंच धान्य ह्या अटीनें बुडे; आणि त्याची कींव येऊन मास्तरांच्या लेखणीला मोह पडावा, अशीच ती व्यवस्था होती. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश दिला. महिनाअखेरच्या हिशेबाऐवजीं रोजची खिचडी आली. हजेरी आणि घांस एकाच पंगतीला बसले.

तरीहि जें मूल गांवांतच नाहीं, त्यास खिचडी कशी पोहोंचणार? वसमतेस पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे. पण जिल्ह्यांतील पुष्कळ कोरडवाहू कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊस तोडावयास जातात. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ असें नांव आहे. आईबाप फडांत गेले कीं दहा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्या भावास सांभाळीत बसते. चैत्राच्या सुमारास ती परत येते, तेव्हां वर्ग पुढें गेलेला असतो.

अशा मुलांसाठीं कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हातीं शिक्षण हमी पत्र देण्याची रीत पडली. आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत गांवींच हंगामी वसतिगृहें सुरू झालीं. आईबाप गेले तरी मूल आजीजवळ राहावें, त्यास दोन वेळां जेवण मिळावें व त्याची शाळा चुकूं नये, हा त्यांचा हेतु. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क मान्य केला. महाराष्ट्रांत एक महिन्याहून अधिक काळ सतत गैरहजर असलेलें मूल शाळाबाह्य समजलें जातें. म्हणजे पटावर नांव आहे, एवढ्यानें आतां शाळेची जबाबदारी संपत नाहीं.

प्रथम मुलाला ओढून आणलें, मग बापाला दंड केला, मग तांदूळ दिला. शेवटीं शाळेलाच मुलाच्या घरची अडचण वांटून घ्यावी लागली. दोनशें वर्षांची वाट ही एवढी. हजेरी घेतांना एखाद्या नांवापाशीं ‘गै’ लिहून मास्तर पुढें जाऊं शकतात, किंवा शाळा सुटल्यावर त्या घराकडे जाऊन मूल कां आलें नाहीं हें विचारूं शकतात. जेथें विचारलें जातें, तेथें तें नांव पटावरून सहसा पुसलें जात नाहीं.