फुटबॉलची साखळी-स्पर्धा आणि तिचे परागंदा संघ

जालन्याच्या स्टेशनावर उभें राहिलें म्हणजे लोहमार्गाची एक वाट मनमाडवरून मुंबईस जाते व दुसरी हैदराबादेस. १९०० सालीं हा मार्ग खुला झाला तेव्हां जालना निजामाच्या राज्यांत होतें. फुटबॉलचा इतिहास सांगावयास मी जालन्यापासून आरंभ करतों, याचें श्रोत्यांस नवल वाटेल. कारण या गांवाचें नांव त्या इतिहासांत कोठें झळकलेलें नाहीं. परंतु या मार्गाच्या दोन्ही टोकांस जें घडलें, त्यांत आपल्या देशांतील पहिल्या प्रतीच्या स्पर्धेचे गुणदोष स्वच्छ दिसतात.

१८८८ सालीं इंग्लंडांत बारा क्लबांनीं एकत्र येऊन साखळी-स्पर्धा काढली. प्रत्येकानें प्रत्येकाशीं एकदां स्वतःच्या व एकदां दुसऱ्याच्या मैदानावर खेळावें, आणि गुणांच्या बेरजेनें विजेता ठरावा, अशी ती योजना. नेमक्या त्याच वर्षीं सिमल्यास ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू झाली, आणि १८९१ सालीं मुंबईस रोव्हर्स चषकाची. पण या बाद पद्धतीच्या स्पर्धा. एकदां हरला तो घरीं गेला. मुंबई व कलकत्ता यांच्या शहरापुरत्या साखळ्या होत्या. सबंध देशाची साखळी मात्र १९९६ पर्यंत निघाली नाहीं. १०८ वर्षांचें हें अंतर केवळ आळसाचें नव्हे. प्रवास दोन-दोन दिवसांचा, आणि खेळाडू बहुधा पोलीस, रेल्वे, बँक किंवा गिरणी यांचे नोकर; त्यांना महिनेंच्या महिने देशभर फिरविणें कोणास परवडणार?

त्या जुन्या पद्धतीचा सुवर्णकाळ हैदराबादेनें पाहिला. सय्यद अब्दुल रहीम यांच्या शिकवणुकीखालीं हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानें १९५० ते १९५४ अशीं ओळीनें पांच वर्षें रोव्हर्स चषक मुंबईहून नेला. पुढें याच रहीमसाहेबांनीं तयार केलेला भारतीय संघ १९५६ सालीं मेलबोर्नच्या ऑलिंपिकांत चौथा आला, आणि १९६२ सालीं जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत त्यानें सुवर्णपदक जिंकलें. हैदराबादचा हा डोलारा एका सरकारी खात्याच्या आश्रयावर उभा होता, ही गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी.

१९९६ सालीं राष्ट्रीय फुटबॉल लीग निघाली तेव्हां पहिलें विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटी गिरणीच्या संघास मिळालें; २००५-०६ सालचें मुंबईच्या महिंद्र युनायटेडला. २००७ सालीं हिचेंच रूपांतर आय-लीगमध्यें झालें. नंतर २०१० मध्यें महिंद्र कंपनीनें आपला संघ विसर्जित केला, व दुसऱ्या वर्षीं जेसीटीनेंही तेंच केलें. हे संघ मैदानावर हरून संपले नाहींत, धन्याच्या एका निर्णयानें संपले.

त्याच २०१० च्या डिसेंबरांत फुटबॉल महासंघानें आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठीं ७०० कोटी रुपयांस रिलायन्स व आयएमजी यांच्या संयुक्त कंपनीस दिले. त्यांतून २०१४ सालीं आठ संघांची इंडियन सुपर लीग उभी राहिली. यांतील प्रत्येक संघ म्हणजे एका शहराचा विकत घेतलेला परवाना होता. प्रेक्षक जमावेत म्हणून उतारवयाचे नामांकित परदेशी खेळाडू आणले गेले. मुंबईस आनेल्का व ल्युंगबर्ग आले. मैदानावर एका वेळीं सहा परदेशी चालत. ही संख्या पुढें चारावर आणली, आणि सर्व बदलांत हाच मला हितकर वाटतो. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. गुणांत पहिल्या येणाऱ्यास शील्ड, आणि वरच्या संघांनीं पुन्हां बाद फेऱ्या खेळून चषकाचा निकाल लावावयाचा, अशी रीत बसली. मुंबई सिटीनें २०२०-२१ मध्यें दोन्ही पटकाविलीं. तळाच्या संघास खालच्या वर्गांत ढकलण्याची इंग्लंडांतील चाल मात्र २०२४-२५ पर्यंत येथें आली नाहीं. पैसे मोजून जागा घेतलेल्यास बाहेर कसें काढावें? खालून वर येण्याचें दार पंजाबच्या संघासाठीं २०२३ सालीं प्रथम उघडलें.

आतां या परवान्याची दुसरी बाजू पाहा. पुण्याचा एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ सालीं गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादेस मिळाली. ज्या मुलानें बालेवाडीस जाऊन हंगामामागून हंगाम घसा कोरडा केला, त्यानें आतां कोणाचा जयजयकार करावा? हैदराबादेस मात्र दिवाळी झाली. २०२२ च्या मार्चांत गोव्यांतील फातोर्ड्याच्या मैदानावर केरळच्या संघास पेनल्टींवर हरवून तिनें चषक जिंकला. रहीमसाहेबांच्या नगरींत फुटबॉल परत आला असें जुन्या मंडळींस वाटलें असल्यास नवल नाहीं. पण लौकरच पैशाची ओढाताण सुरू झाली व विजयी संघांतील खेळाडू पांगले.

२०२५ च्या जुलैंत, पंधरा वर्षांचा करार डिसेंबरांत संपावयाचा असल्यामुळें, चालकांनीं पुढचा हंगाम स्थगित असल्याचें क्लबांस कळविलें. मैदानें, खेळाडू, प्रेक्षक सारे जागच्या जागीं होते. नव्हता तो फक्त कागद. आणि त्याच वर्षीं हैदराबादचा संघ नांव बदलून दिल्लीस गेला.