ओढ का जाते? व्हॅक्यूम क्लीनरच्या एका जुन्या बिघाडाचा इतिहास

१. बटण दाबताच यंत्र गरजते. आवाज नेहमीपेक्षा चढा असतो, पण गालिच्यावरचे केस आणि कोपऱ्यातली धूळ जागची हलत नाही. व्हॅक्यूम क्लीनरची ओढ गेली, म्हणजे ज्याला सर्रास ‘सक्शन’ म्हणतात ते गेले, की बहुतेक घरांत एकच निदान होते: मोटर गेली. मग यंत्र माळ्यावर जाते, नाहीतर भंगारवाल्याकडे. हे निदान बहुधा चुकीचे असते. मोटर शाबूत असते. हवेची वाट बंद झालेली असते. ती वाट कुठे आणि का बंद होते, याचे उत्तर या यंत्राच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात सापडते.

२. प्रथम ‘ओढ’ हा शब्दच तपासायला हवा. शहाळ्यात नळी घालून पाणी पिणारा माणूस पाणी ओढतो, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात तो नळीतल्या हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला नळीतून वर ढकलतो. नळीत मलईचा तुकडा अडकला की गाल कितीही आत घेतले तरी थेंब येत नाही. नळीला चीर गेली असेल, तर पाण्याऐवजी हवाच तोंडात येते. व्हॅक्यूम क्लीनरचे दोन मुख्य रोग हेच आहेत: वाट तुंबणे आणि वाट फुटणे.

३. हवेला भार असतो, ही गोष्ट युरोपात सतराव्या शतकात प्रयोगाने सिद्ध झाली. इटलीतील एव्हांजेलिस्ता तोरिचेल्ली याने १६४०च्या दशकात दाखवून दिले की बाहेरच्या हवेचा दाब नळीतील सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो. पुढे माग्देबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने धातूचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडून आतली हवा पंपाने काढली. दोन्ही बाजूंनी घोडे जुंपले, तरी ते अर्धगोल सहज वेगळे होईनात. त्यांना आतल्या पोकळीने धरून ठेवले नव्हते. बाहेरच्या हवेने दाबून ठेवले होते. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो भरतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर पूर्ण निर्वात कधीच निर्माण करत नाही. त्याचे तोंड संपूर्ण बंद केले, तरी आतला दाब साधारण एक पंचमांशाने उतरतो. यंत्राच्या नावातला ‘व्हॅक्यूम’ हा शब्द अतिशयोक्तीच म्हणायचा.

४. विसाव्या शतकाच्या आरंभी धूळ काढण्याची काही यंत्रे हवा खेचत नसत, फुंकत असत. १९०१ मध्ये लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये अशाच एका यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. दाबाखालच्या हवेचा झोत धूळ उडवी, आणि त्यातली बरीच पुन्हा खाली बसे. हे पाहणाऱ्यांत ह्यूबर्ट सेसिल बूथ हा तरुण अभियंता होता. धूळ उडवण्याऐवजी खेचून का घेत नाही, असे त्याने विचारले. ते अशक्य असल्याचे उत्तर मिळाले. बूथने नंतर स्वतः सांगितल्याप्रमाणे, व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या मखमली पाठीला तोंड लावून हवा आत खेचली. धुळीने त्याला ठसका लागला. मधे रुमाल धरून खेचले, तेव्हा रुमालाच्या बाहेरच्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला. त्याच वर्षी त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले.

५. त्या रुमालाकडे जरा थांबून पाहायला हवे. तो या यंत्राचा पहिला फिल्टर होय. त्याच्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा होत्या: हवा जाऊ द्यावी आणि धूळ अडवावी. परंतु धूळ अडते ती कापडाच्या छिद्रांपाशीच, आणि धुळीने भरलेले प्रत्येक छिद्र हवेलाही बंद होते. म्हणजे फिल्टर जितके चोख काम करील, तितका तो यंत्राचा श्वास कोंडील. ओढ जाणे हा या अर्थाने अपघात नव्हे. तो यंत्राच्या रचनेतच जन्मापासून आहे. पुढचा सारा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: धूळ कुठे अडवायची, आणि ती जागा साफ कोणी करायची?

६. बूथच्या काळी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. त्याचे ‘पफिंग बिली’ नावाचे यंत्र पेट्रोल इंजिनावर चालणारे आणि घोडे जोडून न्यावे लागणारे अवजड धूड होते. ते रस्त्यावर उभे राही आणि त्याच्या लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात शिरत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीमधील गालिचे या यंत्राने साफ करण्यात आले. यंत्र कंपनीचे, चालवणारी माणसे कंपनीची. त्यामुळे फिल्टर झटकणे हेही त्यांचेच काम. ग्राहक सेवा विकत घेत होता, यंत्र नव्हे.

७. हे चित्र बदलले अमेरिकेत. ओहायो राज्यातील कँटन येथे जेम्स मरे स्पँगलर हा एका मोठ्या दुकानात सफाईचे काम करी. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणारी धूळ त्याच्या जिवावर येई. त्याने पंख्याची विजेची मोटर, फिरता ब्रश आणि झाडूचा दांडा एकत्र जोडून एक यंत्र उभे केले. धूळ गोळा करण्यासाठी त्याने वापरला उशीचा अभ्रा. जून १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्याच वर्षी चामड्याच्या वस्तूंचे उत्पादक विल्यम हूव्हर यांनी ते हक्क घेतले आणि हे यंत्र घरोघरी जाऊ लागले. बूथचा रुमाल आणि स्पँगलरचा अभ्रा यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक इतकाच, की अभ्रा आता प्रत्येक घराच्या आत आला.

८. हा बदल वरवर किरकोळ, पण सामाजिकदृष्ट्या मोठा होता. गालिचे वर्षातून एकदोनदा अंगणात नेऊन बडवायचे, हे पूर्वी घरातील पुरुषांचे किंवा नोकरांचे काम असे. यंत्र आल्यावर तेच काम आठवड्याला होऊ लागले आणि ते गृहिणीच्या वाट्याला आले. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला: घरगुती यंत्रांनी कष्टाचा भार हलका केला, पण स्वच्छतेची अपेक्षा वाढवून स्त्रियांचे काम मात्र कमी केले नाही. झाडणे यंत्राकडे गेले आणि यंत्र साफ करणे हे नवे काम तयार झाले.

९. वाट तुंबण्याच्या जागाही वाढत गेल्या. १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने ‘मॉडेल फाइव्ह’ आणले. ते जमिनीवर पट्ट्यांवरून सरकणारे आडवे नळकांडे होते आणि त्याला लवचीक नळी जोडलेली असे. पलंगाखाली पोहोचणे सोपे झाले; पण नळीच्या वळणात मोजे, कागदाचे कपटे आणि केसांचे गुंते अडकू लागले. १९२६ मध्ये हूव्हरने गालिचा बडवणाऱ्या पट्ट्यांचा फिरता रूळ आणला. त्याने खोलवरची धूळ वर येऊ लागली, परंतु अशा रुळांना केस आणि दोरे गुंडाळले जाऊन तोंडाशीच अडथळा होतो. कापडी पिशव्यांच्या जागी टाकाऊ कागदी पिशव्या आल्या. हात मळेनासे झाले, मात्र पिशव्या पुन्हापुन्हा विकत घेणे भाग पडले. तुंबणे हा आता एक व्यापारही झाला.

१०. १९७८च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स डायसन यांच्या घरचे यंत्र असेच निकामी झाले. पिशवी रिकामी करूनही ओढ परतेना. पिशवी फाडून पाहिली, तेव्हा कळले की ती भरण्याचा प्रश्नच नव्हता. आतल्या बाजूला बसलेल्या बारीक धुळीच्या पातळ थराने छिद्रे बुजली होती. याच सुमारास त्यांच्या लक्षात आली लाकूड कापण्याच्या कारखान्यातील जुनी युक्ती. तेथे भुसामिश्रित हवा मोठ्या शंकूत गरगर फिरवत, जड कण भिंतीवर फेकले जाऊन खाली घसरत, आणि हवा मधून वर निघून जाई. असे ‘सायक्लोन’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कारखान्यांत होते. ते घरगुती यंत्रात नीट बसवण्यासाठी डायसन यांनी ५,१२७ नमुने तयार केले.

११. प्रस्थापित उत्पादकांनी ही कल्पना स्वीकारली नाही. १९८६ मध्ये ती आधी जपानमध्ये ‘जी-फोर्स’ या नावाने बाजारात आली, आणि १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये डायसन यांच्या स्वतःच्या कंपनीचे ‘डीसी झीरो वन’ आले. पुढे हूव्हरने तशाच तत्त्वावर यंत्र काढले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि २००० मध्ये निकाल डायसन यांच्या बाजूने लागला. ज्यांनी धूळ पिशवीत कोंडण्याचा धंदा उभारला होता, त्यांनाच अखेर पिशवीविना यंत्र करावेसे वाटले.

१२. तरीही ओढ अमर झाली नाही. सायक्लोन जड कण वेगळे करतो, पण अतिसूक्ष्म धूळ त्यातून निसटते आणि तिच्यासाठी फिल्टर लागतोच. दम्याच्या रुग्णांसाठी उपयुक्त मानला जाणारा ‘हेपा’ फिल्टर मुळात १९४०च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी विकसित झाला. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. जाळी इतकी बारीक, म्हणून हवेला विरोधही अधिक. स्पँगलरच्या फुप्फुसांचा प्रश्न जितका नीट सुटत गेला, तितकी यंत्राच्या श्वासाची काळजी वाढत गेली.

१३. भारतात हे यंत्र मध्यमवर्गाच्या दारात आणण्यात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या घरोघर फिरणाऱ्या विक्रेत्यांचा मोठा वाटा होता. स्वीडनची इलेक्ट्रोलक्स या कंपनीत भागीदार होती. मात्र येथील घरांत गालिच्यांपेक्षा फरशी अधिक, आणि फरशीसाठी केरसुणी पुरेशी. त्यामुळे यंत्र अनेक घरांत दिवाळीच्या साफसफाईपुरतेच माळ्यावरून उतरते. त्या वेळी त्याच्या पोटात जाते ती रांगोळीची भुकटी, रंगकामाच्या पुट्टीची धूळ, सांडलेले पीठ. फिल्टरची छिद्रे सर्वांत लवकर बुजवणारे पदार्थ नेमके हेच.

१४. आता निदान. पहिला पुरावा आवाजाचा. यंत्रातील पंख्यावरचा भार म्हणजे त्यातून वाहणारी हवा. वाट तुंबली की हवा येत नाही, भार कमी होतो आणि मोटर अधिक वेगाने फिरते. चढलेला आवाज हे मोटर जिवंत असल्याचे लक्षण आहे. पण बहुतेक घरगुती यंत्रांत मोटर थंड ठेवणारी हवाही तीच असते. म्हणून तुंबलेले यंत्र तापते आणि पुष्कळ यंत्रे मग आपोआप बंद पडतात. याउलट आवाज मंदावला, ठिणग्या दिसल्या किंवा जळका वास आला, तर मोटरीतील कार्बन ब्रश झिजल्याचा संशय घ्यावा. तेथे कारागिराचीच गरज.

१५. दुसरा पुरावा तळहाताचा. यंत्राची नळी काढावी आणि यंत्र क्षणभर सुरू करून त्याच्या तोंडाशी हात धरावा. ओढ जोरदार असेल, तर दोष नळीत किंवा पुढच्या ब्रशात. प्लग काढून, सुट्या केलेल्या नळीतून एक गोटी सोडावी. दुसऱ्या टोकाने बाहेर आली नाही, तर अडथळा तेथेच आहे. रुळाला गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढावेत. यंत्राच्या तोंडाशीच ओढ कमी असेल, तर पिशवी किंवा डबा, मग फिल्टर, मग झाकणाचे रबर, या क्रमाने पाहावे. कागदी पिशवी झटकून पुन्हा वापरू नये. छिद्रे बुजलेलीच राहतात. धुता येणारा फिल्टर धुतल्यावर किमान २४ तास वाळू द्यावा. ओल्या फिल्टरवर धुळीचा चिखल होतो. सारे मोकळे असूनही ओढ नसेल, तर नळीला चीर शोधावी. तेथे सूं असा आवाज येतो.

१६. या क्रमात मोटर सर्वांत शेवटी येते. हवेच्या वाटेतही ती बहुधा शेवटीच असते. तिच्याआधी धूळ अडवण्याच्या ज्या ज्या जागा आहेत, त्या एकेका पिढीने एकेक करून जोडलेल्या आहेत. बूथच्या काळात त्या साफ करायला कंपनीची माणसे येत. आज ते काम घरातल्याच कुणालातरी करावे लागते, आणि यंत्र घरी आणताना ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. म्हणून चालती यंत्रे भंगारात जातात. एखादे यंत्र माळ्यावर असेच पडून असेल, तर ते विकण्यापूर्वी त्याचा फिल्टर एकदा काढून उजेडात धरून पाहावा.