कवटीची डावी बाजू, उजवी बाजू

एखाद्या मुलाच्या डोक्याची कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंतची लांबी १८० मिलिमीटर आणि कानांच्या वरची सर्वांत जास्त रुंदी १४४ मिलिमीटर भरली, असे समजू. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की ८० येतात. हा झाला शिरोनिर्देशांक. स्वीडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ आंदर्स रेट्झियस यांनी १८४०च्या दशकात लांबट व रुंद डोकी अशी विभागणी केली, तिच्यातून हा निर्देशांक रूढ झाला. भागाकारात चूक काहीच नाही. पण अमुक आकाराची कवटी म्हणजे श्रेष्ठ वंश, हा निष्कर्ष त्या भागाकारातून निघत नाही. तो आधीच ठरलेला असे.

हे ज्यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवले त्यांना आपण ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतो. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस कर्ज काढून बर्लिनला गेल्या. तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. गोऱ्या युरोपीय लोकांच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून ते अधिक बुद्धिमान आणि म्हणूनच त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, असा फिशर यांचा तर्क होता. तो तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. डाव्या-उजव्या बाजूंत फरक आढळला, पण त्याचा वंशाशी संबंध दिसेना. मार्गदर्शकाला काय हवे आहे हे ठाऊक असताना परक्या देशातल्या पंचविशीच्या विद्यार्थिनीने हे प्रबंधात लिहिणे सोपे नव्हते. आमच्या प्रयोगशाळांतही ‘सरांचा आलेख’ काढून देणारे विद्यार्थी कमी नसतात! फिशर यांनी प्रबंधाला उत्तीर्ण होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी दिली. १९३० साली इरावतीबाईंना डॉक्टरेट मिळाली. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले.

इरावतीबाईंनी मोजमाप मात्र सोडले नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्या महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातींच्या लोकांची शरीरमापे घेत राहिल्या. वंशवादी शास्त्राची ही साधने त्यांनी टाकून का दिली नाहीत, हा प्रश्न आम्हाला अजून अवघड वाटतो. पण १९६८ साली त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एकाच वर्णात गणल्या जाणाऱ्या या जाती शरीरलक्षणांत एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या.